चौदा महिने गरोदर

सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हाच डोकं तापलं होतं, आणि उन्हानं नव्हे, पिशवीतल्या एका फॉर्मानं. जन्मल्यावर महिन्याच्या आत किती बाळं दगावतात, हे शोधायला आमचं पुण्याचं कार्यालय आणि सोलापूरचे डॉक्टर मिळून गावोगावची माहिती गोळा करत होते. ती संगणकाच्या भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर चढवून आकडे जुळवायचं काम माझं. आणि मंद्रूपची महादेवी नावाची बाई दर नोंदीत ‘गरोदर’! सलग चौदा महिने! साहेब म्हणाले, “दुरुस्त करून आण, नाहीतर ते कार्ड काढून टाकू.”

मंद्रूपची एस.टी. वाटेत पंक्चर झाली. तासभर बाभळीखाली तिष्ठलो. गावात नेमका बाजार; तिथल्या नोंदी भरणाऱ्या नर्स सुमनबाई मेथीच्या जुड्या पारखत होत्या.

“अहो बाई, म्हैससुद्धा दहा महिन्यांत मोकळी होते!” मी फॉर्म नाचवला.

“मी काय करू? पयलं बाळंतपण, माहेरी वळसंगला गेली. हितं झालं न्हाय, तर हितं कसं लिवू? बाळंत लिवता येईना, मग ऱ्हायली गरोदर!” त्यांनी आमच्याच सूचनांचं पान दाखवलं : ‘गावात राहणाऱ्यांचे, गावातच घडलेले तेवढेच लिहावे.’

वळसंगला सरळ गाडी नाही. पुन्हा सोलापूर, तिथं रात्र काढून पुन्हा स्टँडवरची धूळ. वळसंगचे आरोग्यसेवक भीमराव तेच पान घेऊन बसलेले.

“व्हय, बाळंतपण हितंच झालं. पण ती दिलेली लेक, ती आमच्या गावात ऱ्हाते व्हय? कागदच म्हनतो की.”

मी कपाळावर हात मारला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणजे जास्तच संताप!

महादेवीच्या वडलांनी “बर्री, बर्री (या, या)” म्हणत घोंगडं टाकलं. कडक भाकरी (वाळवलेली, पापडासारखी मोडणारी), शेंगाची चटणी आणि दही पुढं आलं. महादेवीची तब्येत सावरली नव्हती, म्हणून ती अजून माहेरीच होती. घास तोंडात ठेवूनच मी विचारलं, “मूल कुठंय?”

वडलांनी दह्याचं भांडं खाली ठेवलं.

“लेक हुती,” महादेवी म्हणाली. “पाचवी पुजली, अन् सातव्या दिवशी गेली. आजवर कुणी इचारलं न्हाय. तुमी लिवणार हाय का?”

म्हशीचा विनोद आठवला आणि लाज वाटली. तिच्यासमोरच लिहिलं : मुलगी, जन्म वळसंग, सातव्या दिवशी मृत्यू. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून बघत राहिली.

परतीच्या गाडीत सूचनांचं ते पान पुन्हा काढलं. तळाशी सही होती ती माझीच. मी स्वतः आजोळी जन्मलो, आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं एवढंही मला सुचलं नव्हतं. दोन दिवस दुसऱ्यांवर खेकसत होतो मी!

“झालं दुरुस्त?” साहेबांनी विचारलं.

“कार्ड बरोबर होतं, साहेब. सूचनेतलं वाक्य माझं चुकलं.”

आणि याआधी अशीच ‘चुकीची’ म्हणून मी काढून टाकलेल्या कार्डांचा गठ्ठा कपाटातून खाली घेतला. दोन्ही हातांनी उचलावा लागला.