तीन नारळांची मशीन

ऐंशीच्या दशकात, भंडाऱ्यात, तलावाचं पाणी वाटणाऱ्या एका कचेरीत मी कॉम्प्युटरवर होतो. रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावताना, कोणाला कधी पाणी सोडायचं, त्या पाळ्यांची यादी माझ्याकडे. त्यात दिघोरीला धान करणाऱ्या माझ्या बापाचंही नाव होतं.

साहेब दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि अंगात आल्यासारखे वागू लागले. एका मशीनच्या पोटात म्हणे तीन मशिनी करता येतात. खऱ्या नाहीत, मानलेल्या. तिघींचा गट बांधायचा, यादी तिघींत ठेवायची. एक पडली की दुसरी काम उचलते. तीन पडद्यांवर त्यांनी गावांच्या पाट्या लावल्या: पवनी, दिघोरी, कारधा. वा रे हुशारी! पेटी एक, यादी साठवणारी आतली तबकडी एक आणि बारसं तिघींचं.

पूजेला चपराशानं एकच नारळ आणला. साहेब उखडले.

"साहेब, मशीन तं एकच आहे ना जी, तीन नारळ कायले?"

"तुला काय कळतं?" म्हणत त्याला पुन्हा बाजारात पिटाळलं. अख्ख्या कचेरीत खरं बोलला तो तेवढाच. कळत मलाही होतं. मी खोबरं चघळत उभा राहिलो.

मग हुकूम निघाला, पाळ्यांचं हातानं लिहिलेलं रजिस्टर रद्दीत द्या. मी दिलं. सुतळीसुद्धा मीच बांधली.

ऐन रोवणीत पावसानं दडी मारली आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, तबकडी खरखरून बसली. पवनी गेली, दिघोरी गेली, कारधा गेली. साहेब तिन्ही पडद्यांवर टिचक्या मारत फिरत होते. "तिन्ही एकदम कशा पडतील? गट आहे ना!"

गट कसला डोंबलाचा!

यादीशिवाय तलावाचं गेट उघडायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मी एसटीनं गावोगाव हिंडून, माणसांना विचारून यादी पुन्हा लिहिली. घरचं आधी केलं असं कोणी म्हणू नये म्हणून दिघोरी शेवटी ठेवली. तीन आठवडे गेले.

बाप बांधावर बसला होता. "बाबा, उद्या पाणी सुटते. तुमचं नाव चढवलं," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"आता कायले?" तो म्हणाला. "रोपं वाळून चालली होती. काल बैलायले चारली."