ओरडल्याशिवाय कोण उठतंय?

आक्कांचा आवाज ऐकून कोणाला झोप लागली, असं त्या बंदरात आजवर घडलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या लेकीला लहानपणी निजवायचं कामसुद्धा तिच्या वडिलांकडे होतं. तेही नुसतं गुणगुणून, कारण त्या माणसाला शब्दांची फारशी सवय नव्हती. आक्का गायला लागल्या की लेक तर जागी व्हायचीच, शेजारची पोरंही उठून बसायची.

पण याच आवाजावर आक्कांचं घर चाललं. खाडीपलीकडे जाणारी लाँच सुटायच्या आधी धक्क्यावर उभं राहून माणसं गोळा करायची, हे त्यांचं काम. तिकिटं खिडकीत मिळत, लाँच आपल्या वेळेला धक्क्याला लागे, प्रश्न असायचा तो माणसांचा. कोणी चहाच्या टपरीवर, कोणी न्हाव्याच्या खुर्चीत, कोणी बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर. जिथं सावली आणि गप्पा मिळतील तिथं मंडळी पसरलेली. त्यांना उठवायला नुसतं "लाँच सुटतेय" म्हणून भागत नसे. ज्याला त्याला त्याच्या मापाचं बोलावं लागे.

"अहो मास्तर, शाळेत पोरं वाट बघून म्हातारी झाली! ठेवा तो कप खाली!"

"ए नव्या नवरी, माहेरातून पाय निघत नाही होय? नवरा पलीकडे तोंड पाडून बसलाय, ऊठ!"

"वकीलसाहेब, धावू नका, घसराल! आज थांबवलीय तुमच्यासाठी, उद्या नाही थांबवणार!"

हे उद्याचं त्या रोज सांगत. आणि लोकही असे इरसाल, की आपल्या वाट्याची बोलणी खाल्ल्याशिवाय जागचे हलत नसत. मास्तरांच्या मनगटाला चांगलं घड्याळ होतं, ते त्यात बघतही असत, पण आक्कांची गाडी आपल्यापर्यंत येईस्तोवर घोट घोट चहा पीत बसत. एकदा गडबडीत आक्का त्यांना विसरल्या. मास्तरांची लाँच तर चुकलीच, पण ते दुसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्यानं विचारायला आले, "आक्का, माझं काही चुकलं का?"

बंदराचा जुना भोंगा कधीचा गंजून बंद पडला होता. तेव्हापासून लोक आक्कांनाच भोंगा म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची?

हे काम त्यांनी मागितलं नव्हतं. नवीन लग्न झालेलं, नवरा त्याच लाँचवर तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा. एका दुपारी त्या डबा घेऊन धक्क्यावर आल्या, तर माणसं जमत नाहीत म्हणून लाँच अडकून पडलेली. हाक मारणाऱ्या म्हाताऱ्याचा घसा बसलेला. फेरी झाल्याशिवाय तांडेल जेवणार नाहीत, आणि डबा तर गार होत चाललेला. नव्या सुनेनं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या नवऱ्याला उपाशी मारायचं ठरवलंय का तुम्ही लोकांनी?" बघता बघता लाँच भरली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं आपणहून जागा सोडली.

तेव्हापासून दोघांचा संसार असा चालला, की ही काठावरून माणसं हाकायची आणि तो ती पलीकडे पोचवायचा. बोलण्याचं सगळं खातं आक्कांकडे. तांडेल "हं" म्हणत. त्यांचे "हं" चार-पाच प्रकारचे होते आणि ते फक्त आक्कांना कळत. गंमत म्हणजे, सगळ्या गावाला लाँचमध्ये बसवणाऱ्या आक्का स्वतः कधी लाँचमध्ये बसल्या नाहीत. एक फेरी सुटली की दुसरीची माणसं गोळा करायची असत, मग बसणार कधी?

पुढे मोठी जहाजं दूरच्या नव्या बंदराला जाऊ लागली. गोदामांना कुलपं लागली, धक्क्यावरचे दगड उखडले, जुना बाजार ओस पडत चालला. तांडेलही निवृत्त झाले. आणि एके दिवशी नगरपालिकेला जाग आली. धक्का, बाजार आणि गोदामं, सगळ्याचा कायापालट करायचं ठरलं.

आता इथं आक्कांनी जुन्या दिवसांसाठी डोळे पुसले असतील, असं कोणाला वाटेल. मुळीच नाही. "जुन्या धक्क्यावर उंदीर होते," त्या म्हणत. "त्यांच्या आठवणीनं मी रडू?" फरशी बसत होती तेव्हा त्या गवंड्यांच्या डोक्यावर उभ्या असायच्या. एका गोदामात वाचनालय झालं, दुसऱ्यात दुकानांची रांग. भिंतींना रंग लागला, समुद्राच्या कडेनं बाक आले, दिवे आले. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा आक्कांनी टाळ्या वाजवल्या आणि तांडेलांना हात धरून बाहेर आणलं. "बघा तरी!" तांडेलांनी बघितलं. "हं," ते म्हणाले. तो खुशीतला "हं" होता.

या सगळ्या कामावर एक इंजिनीअरबाई होत्या. परगावच्या, पण उन्हातान्हात कामगारांबरोबर उभ्या राहणाऱ्या. दुपारचा चहा त्या आक्कांच्या शेजारी बसून पीत. दोघींचं चांगलं जमलं होतं. म्हणूनच ती गोष्ट सांगताना इंजिनीअरबाईंच्या जिवावर आलं होतं.

"आक्का, नव्या धक्क्यावर हाक मारायचं काम ठेवलेलं नाहीये. कर्णे बसवणार आहेत. वेळ झाली की रेकॉर्ड केलेला आवाज आपोआप येईल."

"कोणाचा आवाज?"

"आहेत एक बाई. फार गोड आवाज आहे."

"आणि मी?"

"तुम्हाला चौकशीच्या खिडकीत बसवायचं ठरलंय. खुर्ची आहे, पंखा आहे. कोणी काही विचारलं की सांगायचं. बस."

"कोणी विचारलं की!" आक्का घरी येऊन तडतडल्या. "म्हणजे कोणी विचारेपर्यंत तोंडाला कुलूप! तेही काचेमागं, बरणीत घालून ठेवल्यासारखं!"

तांडेल जेवत होते. "हं," ते म्हणाले. पण तो कुठल्या प्रकारचा "हं" होता, ते त्या दिवशी आक्कांनाही कळलं नाही.

मग त्या गप्प बसल्या, आणि तांडेलांचा हातातला घास हातातच राहिला. आक्कांना पहिल्यांदा भीती वाटली होती. पोटाची नव्हे, खिडकीतली नोकरी तर होतीच. आपण हाक मारली नाही तरी लाँच भरून जाईल, आणि कोणाला काही कमी पडल्यासारखं वाटणार नाही, याची ती भीती होती. इतकी वर्षं आपण उगाचच ओरडत होतो की काय?

पण रडत बसणं हा आक्कांचा पिंड नव्हता. सकाळी त्या इंजिनीअरबाईंकडे गेल्या. "तुमच्या गोड बाईंना बोलू दे. उद्घाटनाला मी चकार शब्द काढणार नाही, हा माझा शब्द. पण मला पहिल्या फेरीत बसायचंय. प्रवासी म्हणून." त्या पहिल्या फेरीचं सुकाणू धरायचा मान तांडेलांना मिळाला होता. "आमच्या ह्यांच्या हातची लाँच चालते कशी, ते एकदा आतून बघते. बाहेरून फार बघितली."

आणि मग त्यांनी सगळ्या बाजाराला दम भरला. "उद्घाटनाला मोठी माणसं येणार आहेत. चांगले कपडे घाला, नीट बसा, गोंगाट करू नका. मी ओरडणार नाहीये, आधीच सांगते."

उद्घाटनाच्या सकाळी धक्का असा नटला होता की बघत राहावं. पताका, बँड, नवी कोरी लाँच. सगळं गाव ठेवणीतले कपडे घालून आलं आणि आक्कांनी सांगितल्याप्रमाणे नव्या बाकांवर हारीनं बसलं. मास्तर, वकीलसाहेब, तान्हं बाळ कडेवर घेतलेली ती कालपरवाची नवी नवरी, टपरीऐवजी आता चकचकीत गाळ्यात आलेला चहावाला, सगळे. अगदी मधल्या बाकावर आक्का. फीत कापून नगराध्यक्ष, इंजिनीअरबाई आणि दोन-चार साहेब लाँचमध्ये चढले. तांडेलांनी सुकाणू धरलं.

कर्ण्यातून गोड आवाज आला. "सन्माननीय प्रवाशांना सविनय विनंती, की त्यांनी कृपया नौकेकडे प्रस्थान करावे."

सगळे शांतपणे ऐकत होते. आवाजानं तीच विनंती पुन्हा केली.

"भाषण छोटं आहे, पण छान आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या ऐकून बँडवाल्यांना वाटलं, आता आपली पाळी. ते सुरू झाले. नव्या गणवेशातल्या खलाशांनी वेळ झाली म्हणून दोर सोडले, आणि लाँच झोकात निघाली. धक्क्यावरचे सगळे हात हलवू लागले.

आक्काही रुमाल हलवत होत्या. मन भरून आलं होतं. किती सुरेख दिसत होती लाँच! शेजारच्या चहावाल्याला त्या म्हणाल्या, "बघ, माझ्याशिवाय काही अडलं का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या.

लाँचमध्ये त्यांना बसायचं होतं, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पण उभ्या आयुष्यात निघायची वेळ झाली म्हणजे आक्कांनी तोंड उघडलं, असाच हिशेब होता. तोंड उघडलंच नव्हतं, मग वेळ कशी झाली असेल?

तेवढ्यात पाण्यावरून एक आवाज आला. जाडाभरडा, फाटका, न वापरलेल्या दारासारखा करकरणारा.

"कोण बाई हा ओरडतोय, चांगल्या कार्यक्रमात?" आक्का कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या.

"अगं ए! भोंगे! बसलीस काय नुसती? लाँच सुटली ना!"

बँड थांबला. सगळ्या माना पाण्याकडे वळल्या. लाँचच्या सुकाणूपाशी तांडेल उभे होते, मान मागे वळवलेली, चेहरा लालेलाल. ज्या माणसानं लेकीच्या लग्नातसुद्धा आवाज चढवला नव्हता, तो माणूस खाडीच्या पाण्यावरून आपल्या बायकोला चारचौघांत भोंगा म्हणून ओरडत होता.

आक्कांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. त्यांनी जवळजवळ रिकाम्या लाँचकडे बघितलं, मग स्वतःकडे, मग शेजारीपाजारी गच्च भरलेल्या बाकांकडे. आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं.

त्या उठल्या. शब्द दिला होता, तो गेला खाडीत.

"अहो मास्तर, टाळ्या कसल्या वाजवताय? लाँच गेली! वकीलसाहेब, कोट नंतर झटका! ए पोरी, त्या बाळाला पलीकडे बाप आहे की नाही? उठा सगळे! दगड झालात काय?"

असा हशा आणि अशी धावाधाव त्या धक्क्यानं कित्येक वर्षांत बघितली नव्हती. मास्तर तर धावता धावता म्हणत होते, "हां, हे कसं, हे कसं!" तांडेलांनी लाँच वळवून पुन्हा धक्क्याला लावली. माणसं चढली, कोंबली गेली. नगराध्यक्ष दारातच अडकून उभे होते.

"साहेब, आत सरका! दारात उभं राहायचं नाही!" आक्का म्हणाल्या. साहेब निमूट सरकले आणि कोणीतरी त्यांच्या हातात ते तान्हं बाळ दिलं.

सगळ्यात शेवटी आक्का चढल्या. सुकाणूपाशी गेल्या. लाँच पाण्यात शिरली, वारा लागला, मागे रंगवलेली गोदामं आणि पताका लहान होत गेल्या. मागे पडत जाणारा धक्का तांडेल वर्षानुवर्षं बघत आले होते, आणि आक्का पहिल्यांदा बघत होत्या. मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाल्या, "एवढा आवाज होता, तर इतकी वर्षं कुठं ठेवला होता?"

तांडेल समोर बघत म्हणाले, "लागला नाही कधी. तू होतीस ना."

इंजिनीअरबाई मागे उभ्या राहून पोट धरून हसत होत्या, त्यांनी आता डोळे पुसले. "आक्का, उद्यापासून हाक तुमचीच. मी बघते काय करायचं ते."

"आणि तुमच्या त्या गोड बाई?"

"त्यांना काढून टाकू."

"छे छे, राहू द्या बिचारीला," आक्का म्हणाल्या. "पाहुण्यांना उपयोगी पडेल."

तेव्हापासून धक्क्यावर दोन आवाज आहेत. गोड आवाजानं विनंती केली की परगावचे लोक उठतात, आणि गावातले लोक आणखी एक चहा सांगतात. आपल्याला अजून वेळ आहे, हे त्यांना त्यावरून कळतं. मग आक्का उभ्या राहतात.

आणि संध्याकाळची शेवटची लाँच सुटली, की आक्का दिव्याखालच्या बाकावर येऊन बसतात. घर हाकेच्या अंतरावर आहे, पण त्या उठत नाहीत. थोड्या वेळानं तांडेल येतात. जरा लांब उभे राहतात, आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते बघतात, घसा साफ करतात. त्यांचे पाय वाजलेले आक्कांना कधीच ऐकू आलेले असतात, पण त्या पाण्याकडे तोंड करून बसून राहतात.

"अगं ए! चल घरी!"

मग त्या उठतात.