सगळ्या यंत्रांना एकच साचा

मला राग लवकर येतो, आणि त्याहून लवकर स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटतं. बल्लारपूरला एका ठेकेदाराकडे मी मोबाईल टॉवरच्या यंत्रांवर नजर ठेवायचं काम करतो. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या टॉवरमधून बॅटऱ्या चोरीला जायच्या. ठेकेदार म्हणाला, खोलीचं दार उघडलं की गावकऱ्यांच्या मोबाईलवर मराठीत मेसेज गेला पाहिजे.

यंत्र नुसते आकडे पाठवतं. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ते बनवणाऱ्या कंपनीच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. एकेक मेसेज हाताने कोण लिहिणार, म्हणून मी साचा केला, मोकळ्या जागा सोडलेलं एक वाक्य. फाईल त्यात ओतली की टॉवरचं नाव, काय घडलं, सगळं आपोआप भरायचं. दाराचा अर्थ तेवढा मी फाईलमधून न घेता साच्यातच लिहून टाकला. एक म्हणजे बंद, दोन म्हणजे उघडं. पहिल्या कंपनीचं तसंच होतं.

आमचे बॅटरीवाले भाऊ माझ्या वडिलांच्या वयाचे. ते चिडवायचे, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा, बाबू." मी हसायचो.

मग काही टॉवरवर नव्या कंपनीची यंत्रं बसली. त्यांचे आकडे उलटे होते, एक म्हणजे उघडं आणि दोन म्हणजे बंद. मी फाईल न वाचता ओतली.

दुसऱ्याच दिवशी भाऊ तिथल्या बॅटऱ्यांत पाणी घालायला गेले. दार उघडलं तेव्हा कुठेच काही वाजलं नाही. काम आटोपून कुलूप लावलं आणि गावभर मोबाईल वाजले. 'दार उघडलं, चोरी होत आहे, ताबडतोब या.' 'चोरी होत आहे' हे माझ्या पदरचं. वाक्याला जोर यावा म्हणून घातलं होतं.

माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आली. पहिली काठी भाऊंच्या डोक्यात बसली. खाली पडल्यावर लाथा. मग उजवा हात पायरीवर धरून कुऱ्हाडीच्या दांड्याने बोटं ठेचली, पुन्हा चोरी करायला नको म्हणून.

हे ऐकल्यावर त्या गावात जाऊन एकेकाला झोडपायची भाषा मी ऑफिसात केली. पुरावा म्हणून मेसेज छापायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा ती फाईल नीट वाचली. एक म्हणजे उघडं, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. तिकडे ठेकेदार म्हणत होता, म्हातारा न विचारता गेला, त्याला काढून टाका. भाऊंचा हात तर गेलाच होता, मी चूक कबूल केली नाही, तर नोकरीही जाणार होती. मी गाडी काढली आणि तडक चंद्रपूरचा दवाखाना गाठला.

भाऊंचा एक डोळा सुजून मिटला होता. "मी म्हटलं, कुलूप पाहा न, दार बंद हाये," ते म्हणाले. "तं म्हनते, मोबाईल उघडं सांगून राह्यला. कार्ड दाखोलं, कोनी पाह्यलं नाई."

"भाऊ, तो मेसेज माझ्यामुळे चुकला. मी फाईल वाचली नाही."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानाखाली लगावली. माझा ओठ फुटला. मला वाटलं, अजून मारावं.

"बंद केलं का ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुयं मशीन, बे! आज दुसरा मानूस गेला न पुढच्या टॉवरवर?"

मी बंद केलं नव्हतं. माफी मागायच्या घाईत तसाच निघालो होतो. त्या माणसाला फोन लावला. त्याने उचलला.

"दार लावू नका," मी ओरडलो. "उघडंच ठेवा!"

"आताच लावलं न," तो म्हणाला. "पन हे लोकं माह्याकडं पळत येऊन राह्यले, काऊन जी?"