मी घुमणार नाही

"घुमा, बाई, घुमा! आणखी जोरात!"

विंगेतून दिग्दर्शक ओरडत होते आणि आणे गावच्या जत्रेत, भर स्टेजवर, मी केस मोकळे सोडून अशी घुमत होते की पठारावरचे ढग दोन गावं पलीकडे सरकले.

नाटक जुनं, राजघराण्यातलं, शेवटी सगळे मरतात असलं. राजा माझ्या बापाचा खून करतो, बापाचं भूत फक्त मला दिसतं, मी वेडी होते आणि दरबारात राजाला सुनावते, "माझा बाप तू मारलास." या एका वाक्यासाठी मी भूमिका घेतली होती. नुसतं ओरडायचंच असतं तर आळेफाट्यावर आमचं हॉटेल आहे. मी तिथं "दोन मिसळ!" म्हटलं की नाशिकची एसटी ब्रेक मारते.

दिग्दर्शक शहरातले, शिकलेले. त्यांचं म्हणणं, भूत हा मनाचा आजार, ते स्टेजवर आणायचं नाही. वेड मात्र शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. म्हणून हे घुमणं.

आता आमच्याकडं बाई केस सोडून घुमली तर तिला वेडी कोण म्हणतं? पहिल्या रांगेत माझी सासू. तिच्या स्वतःच्या अंगात येतं, म्हणजे या खात्यातली ती थोर अधिकारी. ती उठली आणि कुंकवाचा करंडा घेऊन थेट स्टेजवर. मागं बायांची रांग. सासूनं माझा मळवट भरला, पाया पडली आणि म्हणाली, "आई, आमची शेळी कुठं गेली तेवढं सांग."

सासू सुनेच्या पाया पडते, हे अख्ख्या जुन्नर तालुक्यात पहिल्यांदा घडलं. मी जरा लांबवलंच. पण तेवढ्यात राजाही उठला. एरवी त्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. त्यानं चपला काढल्या, मुकुट बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर आडवा पडला. "आई, लेकराला सांभाळून घे."

मी किंचाळले, "माझा बाप तू मारलास!"

मांडव गरजला, "उदो! उदो!"

बापाचा खुनी कपाळाला कुंकू लावून खुशाल सिंहासनावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी जाहीर केलं, "मी घुमणार नाही."

"मग वेड दिसणार कसं?"

"सर, घुमणाऱ्या बाईच्या तोंडून आमच्याकडं देवी बोलते. लोक तिला शेळी विचारतात. खुनाचा आरोप मला करायचाय, माझ्या तोंडानं."

"मग मी दुसरी बाई बघतो."

"बघा की. भीमाशंकरापर्यंत शोधा. माझ्या निम्म्या घशाची सापडली तर तिला जन्मभर मिसळ मी खाऊ घालते."

पुढचा प्रयोग तालमीच्या दुसऱ्याच दिवशी, शिनोलीला. बाई कुठून आणणार? ते चडफडले. "पण भूत स्टेजवर येणार नाही, सांगून ठेवतो."

"नका आणू. मी बघते."

शिनोलीला मी घट्ट अंबाडा घातला. दरबारात आले, बाकावर बसले आणि सरकून शेजारी जागा केली. हॉटेलातून आणलेल्या किटलीतून दोन कप चहा ओतला, एक त्या जागेवर ठेवला. "आप्पा, निवायच्या आत घ्या. साखर कमीच घातलीय, डोळे वटारू नका." कुणी हसलं नाही. मग माझ्या कपावर फुंकर घालत, आवाज न चढवता (मी! आवाज न चढवता!) राजाकडे बघून म्हणाले, "माझा बाप तू मारलास."

राजाचे हात सवयीनं जोडायला वर आले आणि अर्ध्यातच राहिले. मांडव असा गप्प झाला की डिंभ्याच्या धरणातलं पाणी क्षणभर हलायचं थांबलं. सासूच्या मांडीवर करंडा होता. झाकण उघडलं नाही.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी तिला गाठलंच. "आजी, खरं सांगा. भूत नव्हतंच ना तिथं? जागा रिकामी होती ना?"

"रिकामी कुठं?" सासू म्हणाली. "व्याही बसलं व्हतं. चहा तेवढा घेतला न्हाई त्यांनी."