कोल्ड रूममधला हिवाळा

ट्युलिपची आणखी एक कळी ब्लेडने उभी चिरली. तीही आतून तशीच निघाली, तपकिरी आणि कांद्याच्या वाळक्या सालीसारखी. पानं मात्र हिरवीगार. झाड खूश आणि फूल मेलेलं, हे कसं काय? मी लॉबीतच फतकल मारून बसले. डोकं चालेना.

सिंगापुरातल्या ईस्ट कोस्टच्या त्या काँडोच्या, म्हणजे बड्या सोसायटीच्या, लॉबीत चायनीज न्यू इयरला लाल ट्युलिप फुललेले हवेत, अशी मॅडम कोह यांची इच्छा होती. त्या तिथल्या कमिटीच्या अध्यक्ष, सत्तरीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या बागेचं काम आमच्या कंपनीकडे आणि मी कंपनीची हॉर्टिकल्चरिस्ट. सण तोंडावर आला होता. त्यात माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला कामाचा परवाना, संपत आलेला. नवऱ्याची पोस्टडॉक आटोपली होती, म्हणजे त्याचं आणि लेकीचं इथलं राहणंही माझ्याच पासवर. आणि बॉस मिस्टर टॅन यांनी सांगून ठेवलं होतं, "आधी ट्युलिप होऊ देत, मग रिन्यूअलचं बघू."

ट्युलिपचा कंद थंड देशात शरदात, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर, लावतात. काही महिने गारठा खाल्ल्याशिवाय तो वसंतात फुलत नाही. सिंगापुरात ना शरद, ना गारठा. म्हणून मी सप्टेंबरात कंद मागवले, जाळीच्या क्रेटमध्ये आमच्या कोल्ड रूममध्ये ठेवले आणि डिसेंबरात लॉबीत लावले. लॉबीचा एसी इतका वाढवला की सिक्युरिटीवाले अंकल स्वेटर घालून बसायचे.

मग चुकलं कुठे? पाणी बरोबर होतं. माती नवी होती. कोल्ड रूमचं तापमान मला मोबाइलवर दिसायचं, तेही कधी हललं नव्हतं. सप्लायरने त्याच लॉटमधले त्याच्याकडच्या फुलांचे फोटो पाठवले. सगळी टपोरी. फोटो बघून मला आणखीच गोंधळल्यासारखं झालं. रात्री नवरा म्हणाला, "अगं, कंदांनाच पास मिळाला नसेल." मला हसू आलं नाही.

शेवटी कोल्ड रूमच बघावी म्हणून गेले. कंद लावल्यापासून तिकडे फिरकलेच नव्हते. दार उघडलं आणि गोडसर, आंबूस वास आला. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सोनेरी रिबिनीचे खोके होते. आत पेअर, पार लिबलिबीत झालेली. प्रत्येक खोक्यावर मॅडम कोह यांचं कार्ड.

मी मिस्टर टॅनना फोन लावून त्या खोक्यांचं विचारलं.

"अरे हो!" ते म्हणाले. "सप्टेंबरात मिड-ऑटम फेस्टिव्हलला भेट आलेली. म्हटलं, दुसऱ्या क्लायंटना देऊ. मग विसरलोच."

"सर, पिकणाऱ्या फळातून गॅस निघतो. आंब्याच्या अढीत असतो तोच. त्याने कंदाच्या पोटातली कळी मरते."

"गारच तर होतं ना, लाह!" ते त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाले. "फळंही गार, कंदही गार."

"गारठ्यातही गॅस निघतो, सर."

त्यांनी विषय बदलला. मग म्हणाले, "उद्या मॅडम येतायत. सप्लायरचा माल खराब होता म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी लॉबीत मिस्टर टॅननी स्वतःच ते सांगून टाकलं. मॅडम कोह यांनी वाकून एक वाळकी कळी बोटांत धरली आणि माझ्याकडे बघितलं. "खरं का?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण त्या बिचाऱ्या सप्लायरने मला चांगला माल दिला होता.

"नाही मॅडम. कंद चांगले होते. आमच्या कोल्ड रूममध्ये त्यांच्याजवळ फळं राहिली."

"कसली फळं?"

मी मिस्टर टॅनकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"पेअर," मी म्हटलं.

मॅडमना कळलं, ती त्यांनीच पाठवलेली भेट होती. त्यांनी हातातली कळी सोडून दिली. मग मिस्टर टॅनना विचारलं, "एकसुद्धा खाल्लं नाहीत?"

त्या लिफ्टकडे निघाल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा लावा. पण काम हिनेच करायचं. हिचं नाव कॉन्ट्रॅक्टमध्ये घाला."

त्या न्यू इयरला लॉबीत इतर काँडोंसारखीच सणाची संत्र्याची झाडं उभी राहिली. कॉन्ट्रॅक्टमध्ये माझं नाव आलं, त्यामुळे मिस्टर टॅनना माझं रिन्यूअल करावंच लागलं. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मॅडम कोह मला वाचवायला तसं बोलल्या, की टॅनना जागा दाखवायला, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

एवढं मात्र पक्कं शिकले. कंदाशेजारी फळ ठेवू नये. आणि भेट आलेलं फळ त्याच दिवशी कापून खावं.