अँटेनाला दुहेरी आळं

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, आणि यंत्रातलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता. टीव्हीने तो समज आधी फुगवला आणि मग फोडला. ही फुटण्याची हकीकत मी आजवर इतक्या जणांना सांगितली आहे की बायको ती सुरू होताच स्वयंपाकघरात निघून जाते. तेव्हा आज ती लिहूनच काढतो. कागदाला उठून जाता येत नाही.

टीव्ही काळापांढरा होता. लाकडी पेटी, तिला दोन सरकती दारं, दारांना किल्ली. आमचं घर नागपुरात अशा ठिकाणी होतं की टीव्हीचा टॉवर आणि आम्ही यांच्या बरोबर मधे पाण्याची उंच टाकी उभी होती. तिने सगळ्या मोहल्ल्याला पाणी दिलं आणि आम्हाला मुंग्या. पडद्यावर इतक्या मुंग्या असत की त्यांच्यामागे कोण नाचतं आहे आणि कोण भाषण करतं आहे, हे आवाजावरून ठरवावं लागे. तोही खरखरत येई.

मग मी चाचण्या सुरू केल्या. चाचणी म्हटली की माप हवं, आणि ते मला बातम्यांत सापडलं. मराठी बातम्या सांगणारी एक बाई कानांत कुड्या घालायची. एका कुडीला सात मोती. पडद्याला नाक न लावता जितके मोती वेगळे मोजता येतील तितके त्या दिवशीच्या चित्राला गुण. शून्य म्हणजे कान कुठे आहे तेही कळत नाही. सात म्हणजे पास. ती बाई नसेल त्या दिवशी परीक्षा रद्द. एका वहीत मी तारीख, वारा, अँटेनाची दिशा आणि मोती असे रकाने आखले. पहिल्या आठवड्यात आमची मजल तीन मोत्यांच्या पुढे गेली नाही.

अँटेना गच्चीच्या कोपऱ्यात, लोखंडी पाइपावर. बैठकीच्या छतात उजेडासाठी एक चौकोनी झरोका होता, त्याला जाळी. मी टीव्हीपुढे बसायचो, बायको वर पाइप फिरवायची आणि झरोक्यातून आमचा संवाद चालायचा.

"थोडं टाकीकडे."

"झालं?"

"गेलं. परत आण."

"परत म्हणजे कुठं?"

"मघाशी होतं तिथं."

"मघाशी कुठं होतं ते तुम्हाले दिसून राहिलं होतं, मले नाही. आणि खाली पोळी जळून राहिली."

पाइपापासून झरोका चार पावलांवर. म्हणजे पाइप धरणाऱ्याला खालचं सगळं ऐकू यायचं, पण दिसायचं काहीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवली नव्हती.

आता काका-काकूंकडे येतो. माझे काका काटोलजवळचे संत्र्याचे बागाईतदार. ताडमाड उंच, हाडकुळे, पांढरी टोपी, आणि बोलणं असं की शब्द घरून मोजून आणलेत. त्यांच्या बागेतल्या कलमांची तालुक्यात ख्याती होती. लोक एसटीने यायचे, रोपं न्यायचे आणि काकांच्या हाताला नमस्कार करून जायचे. प्रत्यक्षात तो हात काकूंचा होता. जंबेरी नावाच्या लिंबाच्या रोपाच्या सालीत चाकूने चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवायचा आणि पट्टी बांधायची, हे काम काकू माहेराहून शिकून आल्या होत्या आणि त्यांनीच ते काकांना शिकवलं. तीस वर्षं नमस्कार काकांना आणि नमस्कार करणाऱ्यांना चहा काकूंचा, अशी वाटणी झाली होती. काकूंनी तक्रार केली नव्हती. त्या फक्त आठवण ठेवत होत्या.

त्या वर्षी शेतीच्या कार्यक्रमासाठी टीव्हीवाले बागेत आले. कॅमेऱ्यासमोर काकांना उभं केलं आणि विचारलं, "ही कलमं बांधायला तुम्ही कोणाकडून शिकलात?" नेमक्या त्याच वेळी काकू त्या मंडळींसाठी चहा आणायला घरात वळल्या होत्या. प्रश्न त्यांच्या कानावर पडला. उत्तर पडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय सांगितलं तुम्ही?"

काका म्हणाले, "दिसंल तवा ऐकजो."

पुढचा महिनाभर या तीन शब्दांत काही भर पडली नाही. काटोलला तेव्हा चित्र पोहोचत नसे. मी मोठ्या ऐटीत पोस्टकार्ड टाकलं: कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी आहे, मंगळवारीच निघून या, आमच्याकडे चित्र आरशासारखं दिसतं. वहीत त्या दिवशीची नोंद होती: मोती, दोन.

मंगळवारी दोघं आले. काका टीव्हीसमोर बसले, मुंग्या बघितल्या, आणि म्हणाले, "पाऊस पडून राहिला का गा यांच्याकडं?"

काकू रात्रीची भाजी निवडता निवडता माझ्या बायकोला म्हणाल्या, "मले बाकी काही नाई पाहायचं वं. ते एक उत्तर ऐकलं का झालं." बायकोने ते मला सांगितलं, आणि त्या क्षणापासून माझी चाचणी हा खेळ राहिला नाही. शेजारच्या मास्तरांकडे चित्र चांगलं दिसे, त्यांचा अँटेना उंच होता. पण काकू म्हणाल्या, "आपला माणूस पाहाले दुसऱ्याच्या घरी काहून जायचं?" आणि मी मास्तरांनाही आमचं चित्र आरशासारखं दिसतं असंच सांगून बसलो होतो, ही दुसरी अडचण.

बुधवारी संध्याकाळच्या बातम्यांत शोध लागला. बायकोने पाइप नुसता धरला की दोन मोती वाढत. मी धरला की होते तेही पळून जात. मी बुटका आणि जाडा आहे, त्याचा यात काय संबंध ते मला आजही माहीत नाही. मग काका वर आले, अनवाणी, नुकतेच पाय धुतलेले, आणि त्यांनी पाइपाला हात लावला. खालून बायको ओरडली, "पाच. अहो, पाच दिसून राहिले."

मला रेडिओच्या अर्थिंगची आठवण झाली. पूर्वी रेडिओची तार जमिनीत पुरून त्या खड्ड्यात पाणी ओतत. मी काकांना म्हणालो, "काका, पाय ओले ठेवले पाहिजेत. पाइपाच्या बुडाशी पाणी ओतू."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बागेला आग लावायची गोष्ट काढली होती. "बुडाशी पाणी? बुंध्याले पाणी लागलं का डिंक्या रोग येते, माहीत हाय ना?"

"काका, तो लोखंडी पाइप आहे."

"असंल. दुहेरी आळं कर."

मी नाही म्हणू शकलो नाही. काका आमच्या कुंड्यांतली माती घेऊन बसले आणि गच्चीवर पाइपाभोवती मातीचं एक वर्तुळ केलं, त्याच्या बाहेर दुसरं. पाणी दोन वर्तुळांच्या मधे, बुंधा कोरडा. संत्र्याच्या झाडाला देतात अगदी तसंच. काम इतकं सुबक झालं की खत टाकायचा मोह व्हावा. त्या पाण्यात अनवाणी उभं राहून काकांनी पाइप धरला आणि आम्ही रात्रीच्या बातम्यांची वाट बघितली.

सहा मोती. सातवा असल्यासारखा वाटे, पण पापणी लवली की नाहीसा होई. मी वहीत "सहा, सातवा संशयित" असं लिहिलं.

"उद्या पाइप मी धरतो," मी वर जाऊन म्हणालो. "तुम्ही खाली बसून स्वतःला पाहा."

"तू धरलं का सगळं पळते," काका म्हणाले. "मीच धरतो. मले काय पाहायचं? मी तं तिथंच होतो."

गुरुवारी साडेसहाला आळ्यात ताजं पाणी भरलं. काका वर उभे राहिले. काकू टीव्हीसमोर खुर्चीवर, चष्मा पुसून, नवं लुगडं नेसून. मी पेटीशेजारी, हात बटणावर. बायको दारात. सुरुवातीला कोणी तज्ज्ञ फवारणीबद्दल बोलले. चित्र असं स्वच्छ की त्यांच्या खिशातल्या पेनाचं टोपण दिसत होतं. आणि मग आमची बाग आली. झाडं, फळं, आणि झाडांच्या मधे झाडाइतकेच उंच काका.

काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मग झरोक्याकडे तोंड करून म्हणाल्या, "टोपी वाकडी हाय तुमची."

चित्र एकदम हललं. गच्चीवर काकांनी एक हात सोडून डोक्यावरची टोपी सरळ केली होती.

"आता?" वरून आवाज आला.

"वाकडीच हाय."

"काका, दोन्ही हात," मी ओरडलो.

चित्र स्थिर झालं. पडद्यावर विचारणारा माणूस काकांच्या जवळ सरकला. मला तो प्रश्न पाठ होता, बायकोला पाठ होता, काकूंना तर महिनाभर पाठ होता. "ही कलमं बांधायला तुम्ही कोणाकडून शिकलात?" पडद्यावरच्या काकांनी घसा खाकरला. एक हात वर केला. तोंड उघडलं.

आणि मुंग्या. पडदाभर मुंग्या, आणि कानात खरखर.

मी बटण फिरवलं, पेटीवर थाप मारली, दुसऱ्या बाजूने थाप मारली. "काका, पाइप," असं दोनदा म्हणालो. मुंग्यांआडून चित्र थोडंफार दिसायला लागलं तेव्हा काका टोपलीतली फळं दाखवत होते, आणि थोड्या वेळात कार्यक्रम संपला.

काकूंनी चष्मा काढला, मिटला आणि मांडीवर ठेवला.

"पाइप सोडला त्यायनं," त्या म्हणाल्या. "बराबर त्याच वक्ताले सोडला." आवाजात राग नव्हता, तीस वर्षांचा हिशोब जुळल्यावर येतं तसं समाधान होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "माझं नाव घेतलंच नसंल. म्हनून सोडला. मले ऐकू येऊ नये म्हनून."

मलाही तेच वाटत होतं. बायकोनेच नजर वर केली. आम्हीही केली. झरोक्याच्या जाळीला चिकटून, टोपीसकट, काकांचा चेहरा आमच्याकडे बघत होता. गुडघ्यांवर ओणवे झाले असावेत. त्यांच्या ओल्या धोतरावरून आळ्यातलं पाणी ठिबकून टीव्हीच्या पेटीवर पडत होतं.

"तुम्ही तिथं काय करून राहिले?" काकूंनी विचारलं.

"तुले पाहून राहिलो."

"काहून?"

काकांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "ऐकून तू तोंड कसं करतं ते."

"काय ऐकू? मुंग्या ऐकल्या मी. पाइप कोण धरंल?"

काकांनी मागे वळून पाइपाकडे पाहिलं. तो तिथे एकटा उभा होता. सगळं गणित त्यांच्या लक्षात आलेलं मी खालून पाहिलं, आणि इतक्या उंच माणसाचा चेहरा इतका लहान होताना मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"मंग आता सांगा," काकू म्हणाल्या. "काय बोलले होते?"

"बोललो ना तिथं."

"इथं सांगा."

"एकदा बोललो ना वं." कॅमेऱ्यासमोर, मंडळींसमोर, सगळ्या विदर्भासमोर बोललेलं वाक्य त्या माणसाला बायकोसमोर बोलता येईना. काकू उठल्या आणि पिशवीत कपडे भरायला आत निघाल्या.

तेवढ्यात शेजारचे मास्तर दारात. हे शाळेत भाषा शिकवायचे आणि घरीही तीच बोलायचे.

"अभिनंदन," ते मला म्हणाले. "तुमचे काका छान बोलले. आमच्या मंडळींनी मला ते वाक्य दोनदा ऐकवलं, आता महिनाभर ऐकवतील."

"कुठलं वाक्य?" मी विचारलं.

"म्हणजे? तुमच्याकडे चित्र आरशासारखं दिसतं ना?"

हा टोला मी गिळला. काकू आतल्या दारात थांबल्या होत्या, पाठ आमच्याकडे.

"सांगा तर," मी म्हणालो.

मास्तरांनी एक हात वर केला, पडद्यावरच्या काकांनी केला होता तसाच, आणि बोट बागेतल्या घराच्या दिशेने धरलं. "ते म्हणाले, 'ती चहा आणाले गेली ना, तिनं शिकवलं. माझं काही नाही यात.' मग तो कॅमेराही त्या बोटामागे फिरला. घराच्या दारातून आत जाणाऱ्या तुम्ही दिसलात, काकू. हातात रिकामा ट्रे होता."

काकू वळल्या. "पुन्हा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं.

"'काही नाही' म्हणाले का 'फार काही नाही'?"

"'काही नाही.' मी भाषेचा शिक्षक आहे हो."

"अजून एकदा सांगा. खरखर होती."

खरखर नव्हती. मास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, हात वर करून. छताकडून एक बारीक आवाज आला. "ऐकून राहिली का गा ती?"

मला विचारलं होतं, पण उत्तर काकूंनी दिलं. त्या टीव्हीसमोर येऊन पुन्हा खुर्चीवर बसल्या, चष्मा उघडून डोळ्यांवर चढवला आणि वर न पाहता म्हणाल्या, "जा, पाइप धरा. अजून बातम्या बाकी हायेत."

काका गेले. बातम्या संपेपर्यंत ते आळ्यात उभे होते, आणि मधे एकदाही चित्र हललं नाही. मास्तरही बसून राहिले, आमच्याकडे, जमिनीवर. कुड्यांवाली बाई आली तेव्हा मी सवयीने मोजायला लागलो. सहापर्यंत पोहोचलो आणि पापणी लवली.

"सात," काकू म्हणाल्या. "सात हायेत."

मी वहीत तसं लिहिलं.