पायलटचा उजवा पाय

डेपोत त्याला सगळे पायलट म्हणायचे. बस गच्च भरलेली असो, रस्ता कसाही असो, उभी असलेली म्हातारी जागची हलणार नाही असा अलगद ब्रेक लावायचा, म्हणून हे नाव. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं आणि अशात लघवीतून रक्त जायला लागलं. "उष्णता असेल" म्हणत त्याने बरेच दिवस ढकलले. शेवटी बायकोने बघितलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "गाडीखाली तेलाचा थेंब दिसला की डेपो डोक्यावर घेता! आणि स्वतःचं गळतंय ते दिसत नाही?"

तेव्हापासून नुसत्या खेपा चालल्या होत्या. रक्त दे, सोनोग्राफी कर, रिपोर्ट आण, परत बाकावर बस. बाकावर बसून बसून दोघांच्या पाठीचा भुगा झाला होता. डॉक्टर बोलायच्या आधी घसा खाकरायचे, मग "हंऽऽ, म्हणजे असं बघा" म्हणून छताकडे बघायचे.

"हंऽऽ, म्हणजे असं बघा. मूत्राशयात गाठ आहे आणि लक्षणं कॅन्सरची आहेत. आता ती नुसती आतल्या अस्तरावर आहे, की स्नायूत घुसलीय, एवढं कळायला हवं. अस्तरावर असेल तर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खरवडू. स्नायूत गेली असेल तर बहुतेक अख्खं मूत्राशयच काढावं लागेल."

"आणि लघवी?"

"पोटावर पिशवी लावतात. माणसं सगळं करतात हो, काका."

"बस चालवतात?"

डॉक्टरांनी पुन्हा खाकरलं. "आधी एमआरआय करू. एकदा खरवडलं की आत सूज येते, मग फोटोत काही धड कळत नाही. म्हणून आधी फोटो, मग ऑपरेशन."

एमआरआयच्या दिवशी पाणी पिऊन बसायचं होतं. मूत्राशय अगदी रिकामंही नको, तुडुंबही नको. नंबर लागेपर्यंत पायलट भिंतीकडे बघत बसला. बायको शेजारी पिशवीवर डोकं टेकून पेंगत होती. अखेर मशीनवरच्या मुलीने हाक मारली. तिचा आवाज स्टॉपची नावं पुकारणाऱ्या बाईसारखा होता, प्रत्येक वाक्य शेवटाला वर चढणारा. "काकाऽ, घड्याळ, अंगठी, चाव्याऽ, सगळं काढायचंऽ. आवाज खूप होईलऽ. कंबर अजिबात हलवायची नाहीऽ."

"हॅ, त्यात काय," पायलट म्हणाला. स्थिर बसण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

बोगद्यात सरकवल्यावर आधी घर्रर्र झालं. मग ठक्-ठक्-ठक् सुरू झालं, थेट कानाच्या मुळाशी. तीस वर्षांत असा आवाज ऐकल्यावर पायलटने एकच गोष्ट केली होती. उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि दाबला गेला. आवाज थांबला, पाय सैल झाला. आवाज सुरू, पाय पुन्हा खाली.

"काकाऽ, हलताय तुम्हीऽ."

"नाही हो, ताई."

"हलतायऽ. सगळे फोटो पुसटऽ."

तिने त्याला बाहेर काढलं. रंगाचं इंजेक्शन अजून द्यायचं होतं, पण हे फोटो परत घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. "स्नायूची रेघच दिसत नाही," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज वर चढला नाही. "आज जमणार नसेल तर दुसरी तारीख घ्या."

दुसरी तारीख म्हणजे परत रजा, परत बाक, आणि ती गाठ तोवर आतच. पायलटला एकदम सगळ्याचा कंटाळा आला. पोट फुगलं होतं, कपाळ दुखत होतं. "राहू दे," तो म्हणाला. "जे होईल ते होईल."

मुलीने बायकोला दारापाशी बोलावलं. "काकू, तुम्ही समजवाऽ. पाय हलवतातऽ."

"उजवा ना?" बायको दारातूनच ओरडली. "अहो, ब्रेक मारताय तुम्ही!"

"मी कशाला ब्रेक मारू?"

"भावोजींच्या स्कूटरवर मागे बसलात तरी मारता! फूटरेस्ट तोडलंत त्यांचं!"

मुलीने तोंड फिरवून हसू दाबलं. पायलटने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. खरं होतं ते.

बायको दाराला टेकली. तिचा आवाज बसला होता. "हे बघा, ही गाडी ही पोरगी चालवतेय. खडखडू दे, नाहीतर बंद पडू दे. तुमची ड्यूटी नाही. एवढं एकदा दुसऱ्याच्या हातात द्या हो."

तो परत आत गेला. ठक्-ठक् सुरू झालं. मांडीचा स्नायू ताठरला. "माझी ड्यूटी नाही," तो मनात म्हणाला. ठक्-ठक्-ठक्. "माझी ड्यूटी नाही." इतक्या वर्षांत कोणाच्याही गाडीत त्याने डोळे मिटले नव्हते. आता मिटले. हातातल्या सुईतून काहीतरी गार चढत गेलं आणि पाय दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा निपचित पडून राहिला.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे बसले तेव्हा दोघांनाही प्रश्न विचारायचं त्राण नव्हतं. डॉक्टरांनी खाकरलं, छताकडे पाहिलं.

"हंऽऽ, म्हणजे असं बघा. याला पाचपैकी गुण देतात. तुमचे दोन."

"नापास?" बायकोने विचारलं.

"इथे कमी तेवढं चांगलं. स्नायूची रेघ अखंड दिसतेय. गाठ आत शिरलेली वाटत नाही. खरवडून तुकडा तपासायला पाठवू, पक्कं तेव्हाच कळेल. पण मूत्राशय काढायचं आत्ता तरी मनात आणू नका. सोमवारी उपाशीपोटी या."

"म्हणजे परत यायचं," पायलट म्हणाला.

"यायचं. आणि नंतरही अधूनमधून दुर्बिणीने बघत राहायचं. हा आजार परत परत डोकावतो."

लिफ्टपुढे रांग होती म्हणून दोघं जिन्याने उतरू लागले. मधल्या वळणावर बायको कठडा धरून थांबली.

"रडतेस काय? दोन आलेत."

"रडत नाहीये. दमलेय मी."

"मग बस."

ती पायरीवर बसली. तोही बसला. वरून येणारे लोक "जरा बाजूला, जरा बाजूला" करत होते. दोघंही उठले नाहीत.